छोट्या नावेत अडचण आली तर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने: कृष्णाकाठापासून हिडकलपर्यंतच्या लोकांसाठी

नावेत पाणी शिरलं, इंजिन बंद पडलं किंवा कुणी पाण्यात पडलं, की सगळे एकदम उठतात आणि एकाच कडेला गोळा होतात. साधी अडचण तिथेच जिवावर बेतते. तळाला पडलेलं भोक किंवा बंद इंजिन बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटं तरी देतं. उभी राहिलेली आठ माणसं पाच सेकंदही देत नाहीत. म्हणून या लेखात क्रमावर सर्वांत जास्त भर आहे. आधी काय, मग काय, आणि काय अजिबात करायचं नाही.

चिकोडी, निपाणी, रायबाग आणि अथणी तालुक्यांतला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचा काठ आणि हिडकल, नविलुतीर्थ, सुपा यांसारखे जलाशय डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. वल्ह्याची लाकडी नाव, पत्र्याची नाव, इंजिन लावलेली फायबर बोट, गोल तेप्प (टोपलीसारखी नाव) आणि पुराच्या दिवसांत वैरण आणायला पाण्यात उतरवली जाणारी गुळाची काहील, या सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तो वेगळा सांगितला आहे.

## १. भार मोजा, अंदाज करू नका

नावेची लांबी फुटांत मोजा, सर्वांत रुंद जागेची रुंदी फुटांत मोजा, दोन्हींचा गुणाकार करून १५ ने भागा. उत्तरातला अपूर्णांक सोडून द्या. १४ फूट लांब आणि ५ फूट रुंद नाव असेल तर ७० भागिले १५, म्हणजे ४ माणसं, नावाडी धरून. हा हिशेब शांत पाण्याचा आहे. नदी पात्राबाहेर असेल किंवा जलाशयावर वारा असेल तर त्यातून आणखी एक-दोन माणसं कमी करा. तेप्प आणि काहील यांना हे सूत्र लावू नका. ती फक्त कड पाण्याच्या वर किती उरते ते पाहून भरा; ते माप पुढे दिलं आहे.

भार भरून झाला की नावेची कड पाण्याच्या वर किती राहते ते पाहा. ती सगळीकडे निदान १ फूट राहिली पाहिजे. एका बाजूला फूटभर आणि दुसरीकडे वीतभर असेल तर भार वाकडा आहे. सामान हलवा आणि पुन्हा पाहा.

दोन गोष्टी या भागात हमखास चुकतात. पहिली मोटारसायकल. सव्वाशे किलोची गाडी म्हणजे दोन माणसांचा भार, तोही उंचावरचा. गाडी न्यायचीच असेल तर ती मधोमध, आडवी झोपवून, दोराने बांधून न्या. वर कुणी बसायचं नाही, हँडल धरून कुणी उभंही राहायचं नाही. दुसरी चूक ओल्या वैरणीची. पावसात भिजलेला भारा कोरड्या भाऱ्यापेक्षा खूप जड असतो, आणि नावाडी मात्र भारे मोजतो, वजन मोजत नाही. त्यामुळे वैरण असेल तर भाऱ्यांचा आकडा धरून बसू नका, कडेची उंची पाहून थांबा.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. पाणी वाढत असताना 'आणखी दोघं बसू दे' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून आकडा आधी ठरवा आणि नावेच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

सावध: काहील आणि पत्र्याची नाव स्वतःहून तरंगत नाही. आतल्या हवेवर ती तरंगते. कड पाण्याखाली गेली की ती थेट तळाला जाते, धरून राहायला काही उरत नाही. तिच्या कडेला बाहेरून चार बाजूंना २० लिटरचे चार रिकामे, झाकण घट्ट लावलेले कॅन बांधा. एक कॅन साधारण २० किलो भार तोलतो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर राहायला पाच-सात किलोचा आधार पुरतो. चार कॅन उलटलेल्या काहिलीला वाचवणार नाहीत, पण दोराने सुटे करता आले तर माणसांना वाचवतील. म्हणून गाठ एका ओढीत सुटणारी मारा.

## २. नावेत काय असलंच पाहिजे

लाइफ जॅकेट, माणशी एक, अंगावर घातलेलं. बाकड्याखाली ठेवलेलं जॅकेट उलटलेल्या नावेत सापडत नाही आणि पाण्यात पडल्यावर ते घालताही येत नाही. जॅकेटवर ५०, १००, १५० असे तरंगवण्याच्या जोराचे आकडे असतात. ५० चं फक्त चांगलं पोहणाऱ्यासाठी असतं. प्रवासी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना १०० किंवा त्याहून जास्त लागतं. बसलंय का ते पाहायची पद्धत सोपी आहे. सगळे पट्टे आवळा आणि मागून दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर सैल आहे. मुलांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटतं. साडी असेल तर पदर आधी कमरेला खोचा, मग वर जॅकेट. पदर जॅकेटवर राहिला तर तो वल्ह्यात किंवा इंजिनात अडकतो.

फेकायचा दोर, ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, १५ ते २० मीटर, पाण्यावर तरंगणारा. प्लॅस्टिकचा पिवळा-निळा दोर तरंगतो, सुती कासरा बुडतो. एका टोकाला ५ लिटरचा कॅन बांधा, त्यात चतकोर पाणी भरा म्हणजे फेकायला वजन मिळतं, आणि झाकण लावा. दोर गुंडाळून ठेवू नका. पिशवीत तळापासून सुटा सुटा सोडत भरा, म्हणजे फेकताना गाठी पडत नाहीत.

पाणी उपसायला १० लिटरची बादली, कडीला दोरी बांधून नावेला अडकवलेली. शिवाय कापलेला एक कॅन, कोपऱ्यातलं पाणी काढायला.

दोन जास्तीची वल्ही, इंजिन असलं तरी. एक बांबू. नांगर आणि त्याचा दोर, जिथे जाणार तिथल्या खोलीच्या पाचपट लांब. खोली ४ मीटर असेल तर २० मीटर दोर. आखूड दोरावर नांगर धरत नाही, नुसता घसटत जातो.

धारदार चाकू, म्यानात, नावाड्याच्या कमरेला. खोक्यात ठेवलेला चाकू ऐन वेळी हाताला लागत नाही.

याशिवाय प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, टॉर्च, झाकण घट्ट लागणाऱ्या पिशवीत गळ्यात अडकवलेला मोबाइल, जुन्या कापडाचे दोन-तीन तुकडे आणि लाकडाच्या लहान-मोठ्या चार खुंट्या. इंजिन असेल तर जास्तीचा स्पार्क प्लग, त्याचा पाना आणि २ किलोचं कोरड्या पावडरीचं अग्निशामक.

गमबूट घालून नावेत बसू नका. ते पाण्याने भरले की नावेत किंवा काठावर चढताना पाय उचलत नाही.

## ३. नदी आज कशी आहे ते विचारा

चिकोडी-निपाणी भागात नदी इथल्या पावसाने कमी आणि वरच्या पावसाने जास्त चढते. इथे ऊन असताना कोयना, वारणा, राधानगरी किंवा काळम्मावाडी धरणातून पाणी सुटलेलं असू शकतं. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी येतंय, तो आकडा रोज बातम्यांत येतो. एका क्युसेकला सेकंदाला सुमारे २८ लिटर. आजचा आकडा कालच्यापेक्षा वाढता असेल तर जाताना दिसलेला काठ येताना नसेल, हे धरून चाला.

धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा जोर चौपट होतो. त्यामुळे 'कालच्यापेक्षा थोडीच जास्त ओढ आहे' हा अंदाज धोक्याचा असतो.

मग खालच्या बाजूला काय आहे ते पाहा. कल्लोळ–येडूर, मलिकवाड–दत्तवाड, कारदगा–भोज, जत्राट–भिवशी, अकोळ–सिदनाळ असे पूल-बंधारे दरवर्षी पाण्याखाली जातात. पाण्याखाली गेलेला बंधारा वरून दिसत नाही. पाण्यावर एक गुळगुळीत आडवी रेघ आणि तिच्यापलीकडे फेस, एवढंच दिसतं. रेघेच्या खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं आणि माणसाला, नावेला, झाडाच्या ओंडक्यालाही तिथेच घोळवत ठेवतं. बंधाऱ्याच्या वर निदान २०० मीटर अंतर राखूनच नदी ओलांडा. खालूनही जवळ जाऊ नका, उलटं पाणी नावेला आत ओढतं. तिथे अडकलेल्याला काढायला दुसरी नाव घालू नका. काठावरून दोर फेका आणि मदत बोलवा.

तपासा: इंजिन आता, या क्षणी बंद पडलं तर धार मला कुठे नेईल? या प्रश्नाचं उत्तर 'अमुक वळणावरच्या उथळ काठाला' असं स्पष्ट देता येत नसेल तर निघायची जागा वरच्या बाजूला सरकवा.

## ४. दोर सोडण्याआधी दोन मिनिटं

सगळ्यांना बसवून हे सांगा. कोण कुठे बसणार, अडचण आली तर जागा सोडायची नाही, आणि फक्त एका माणसाचा आवाज ऐकायचा. नावेत मराठी आणि कन्नड बोलणारे दोन्ही असतील तर हुकूम दोन्ही भाषांत ठरवून घ्या. 'खाली बसा' म्हणजे 'कूड्री', 'दोर धरा' म्हणजे 'हग्ग हिडीरी'. घाबरलेला माणूस आपलीच भाषा ऐकतो.

पाणी उपसणारा एक आणि दोर फेकणारा एक, अशी नावं आधीच ठरवा. काठावरच्या एका माणसाला सांगून निघा: किती जण, कुठे, आणि किती वाजेपर्यंत पोहोचल्याचा फोन. फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं, तेही त्यालाच सांगा.

## ५. अडचण आली: पहिलं मिनिट

अडचण कोणतीही असो, हा क्रम बदलायचा नाही.

१. बसा. सगळे नावेच्या तळावर, मधल्या रेषेजवळ, हात कडेवर. बाकावर बसलेल्यांनीही खाली उतरून बसायचं. वजन खाली आलं की नाव स्थिर होते.

२. जॅकेट आवळा. ज्यांनी पट्टे सैल केले असतील त्यांनी ते आत्ता आवळायचे.

३. डोकी मोजा. मोठ्याने.

४. कारण थांबवा. भोक बुजवणं, इंजिन बंद करणं, नावेचं तोंड फिरवणं, जे असेल ते. हे काम फक्त एक-दोघांचं.

५. कळवा. आणि मग जवळच्या सुरक्षित काठाकडे चला. हा काठ ठरवलेला पैलतीर असेलच असं नाही. धार जिकडे नेते तिकडचा, उथळ आणि मोकळा काठ बहुतेक वेळा बरा. धारेशी सरळ भांडू नका, तिरकं कापा.

क्रम उलटा होतो तो इथे: लोक आधी फोन काढतात. फोन करणारा बसत नाही, उभा राहून रेंज शोधतो. पहिल्या चार गोष्टी अर्ध्या मिनिटात होतात, फोन त्यानंतर.

### फोनवर काय बोलायचं

नंबर ११२. सीमेजवळ मोबाइल महाराष्ट्राच्या टॉवरला लागलेला असू शकतो आणि कॉल पलीकडच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा: 'कर्नाटक, बेळगाव जिल्हा, चिकोडी तालुका, अमुक गाव, कृष्णा नदी, गावाच्या बाजूचा काठ'. नुसतं 'नदीवर' किंवा 'बंधाऱ्याजवळ' म्हटलं तर शोधणारे भलत्याच काठावर पोहोचतात आणि पलीकडे यायला त्यांना वीस-तीस किलोमीटरचा वळसा पडू शकतो. त्यानंतर किती माणसं, किती पाण्यात, जॅकेट आहेत की नाहीत. कन्नडमध्ये सांगावं लागलं तर 'दोणी मुळुगिदे' म्हणजे नाव बुडाली आहे. समोरचा 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

फोन चालत नसेल तर शिट्टीचे तीन लांब सूर, थांबून पुन्हा तीन. दिवसा दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली हलवा. एकच हात हलवला तर काठावरचे लोक रामराम समजून उलट हात हलवतात.

## ६. नावेत पाणी येतंय

पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. कडेवरून येत असेल तर भार कमी करा किंवा तोंड लाटेकडे फिरवा. तळातून येत असेल तर भोक बुजवा. उपसणं हे त्यानंतरचं काम आहे, कारण उपसण्याने भोक हरत नाही. पाण्याच्या पातळीखाली फूटभर असलेल्या २ सेंटिमीटरच्या भोकातून मिनिटाला २५-३० लिटर पाणी येतं, म्हणजे तीन बादल्या. एक माणूस तेवढं उपसू शकतो. भोक ५ सेंटिमीटरचं असेल तर मिनिटाला १७० लिटरच्या आसपास, म्हणजे सतरा बादल्या. इतकं कुणाच्यानेही उपसून होत नाही.

बुजवताना कापड खुंटीला गुंडाळा, खुंटी भोकात घाला आणि वल्ह्याच्या दांड्याने हलके ठोका. लाकूड जुनं असेल तर जोरात ठोकलं की फळी फाटते. फट लांब असेल तर कापडाची घडी त्यावर ठेवा, वर फळीचा तुकडा आणि त्यावर एका माणसाचा पाय. बाहेरून ताडपत्री गुंडाळता आली तर आणखी चांगलं, पाण्याचा दाबच ती नावेला चिकटवतो.

तेप्पाचं ताडपत्रीचं अस्तर फाटलं तर आतून कापड दाबून धरा आणि फाटलेली बाजू वर येईल असे विरुद्ध बाजूला सावकाश सरका. एकेकानेच.

नावेत साठलेलं पाणी एका बाजूने दुसऱ्या बाजूला हेलकावतं आणि नाव उलटवतं. घोट्याएवढं पाणी झालं की वळण घेणं थांबवा, सरळ रेषेत काठाला लागा.

## ७. इंजिन बंद पडलं

आधी वल्ही हातात. मग इंजिन. खाली बंधारा, पूल किंवा झाडं असतील तर नांगर टाका, नेहमी पुढच्या टोकावरून. मागच्या टोकाला नांगर बांधला की धार मागच्या सपाट फळीवर आदळते, मागची कड खाली दाबली जाते आणि नाव काही क्षणांत भरते. मोठ्या पुरात मात्र नांगर टाकूच नका. वाहत आलेला ओंडका दोरावर बसला तर नावेचं तोंड खाली ओढलं जातं. टाकलाच असेल तर चाकू हातात ठेवा.

आता इंजिन, या क्रमाने:

- बंद करायच्या दोरीची क्लिप जागेवर आहे का?
- टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? इंजिन पाच-दहा मिनिटं चालून मग बंद पडलं असेल तर पहिला संशय यावर घ्या.
- पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, नळी पिळली आहे का, रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का?
- पंख्यात केंदाळ, साडीचा तुकडा, जाळं किंवा दोर अडकलाय का?

केंदाळ काढताना आधी क्लिप काढून खिशात घाला, मग इंजिन वर उचला आणि बसूनच कापा. एकाने मागे वाकायचं, दुसऱ्याने त्याचं जॅकेट धरायचं आणि बाकीच्यांनी पुढे सरकायचं. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनाने जास्त पेट्रोल घेतलंय. चोक आत करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गिअर न्यूट्रल, आणि दोरी ओढा.

या सगळ्याला दोन मिनिटं द्या. नाही झालं तर वल्हवायला लागा. दोरी ओढत राहणारा नावाडी खाली काय येतंय ते पाहत नाही.

बांबू तळाच्या गाळात रुतला तर सोडून द्या. धरून ठेवलात तर नाव पुढे जाते आणि तुम्ही बांबूवर लटकत मागे राहता.

## ८. माणूस पाण्यात पडला

एकजण 'माणूस पाण्यात!' ओरडतो आणि हाताचं बोट त्या दिशेला धरून ठेवतो. त्याचं काम एवढंच, नजर हलवायची नाही. गढूळ पाण्यात आणि लाटांत डोकं एकदा नजरेआड झालं की सापडत नाही.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाण्यावर दाबलेले, आणि मिनिटभरात खाली जातो. ओरडणाऱ्याआधी गप्प झालेल्याकडे पाहा.

वल्ह्याची नाव असेल तर नांगर टाकू नका. नाव आणि माणूस एकाच धारेत वाहत असतात, नाव थांबवली तर तो दूर जातो. इंजिनाची बोट असेल तर त्याच्या खालच्या बाजूला जा, तोंड धारेच्या वर करा आणि वेग एवढाच ठेवा की माणूस वाहत तुमच्याकडे येईल. शेवटच्या दोन-तीन मीटरला इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल पुरत नाही.

दोर त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडेल असा फेका, म्हणजे तो खांद्यावर येतो. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका. ओढ वाढली तर सोडता आला पाहिजे. त्याच्यामागे उडी मारणं हा शेवटचा मार्गही नाही, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो.

वर घेताना बाकीचे विरुद्ध कडेला बसतात. नाव अरुंद असेल तर इंजिन बंद करून मागच्या टोकावरून घ्या. कडेला दोराचा सैल फास लोंबता सोडा, त्यात पाय ठेवून माणूस वर चढतो. तो थकला असेल तर जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरा, एकदा थोडा खाली दाबा आणि तो वर येताना त्याच लयीत आत ओढा.

## ९. नाव उलटली

वर येताच डोकी मोजा. कुणी नावेखाली असेल तर तिथे थोडी हवा असते. तिथे थांबायचं नाही, कडेला हात घालून स्वतःला खाली दाबून बाहेर यायचं.

जलाशयात नाव सोडू नका. हिडकलच्या मधोमध काठ दिसतो त्यापेक्षा खूप दूर असतो, आणि लाटांत कपड्यांसह पोहणं चांगल्या पोहणाऱ्यालाही थकवतं. शिवाय शोधणाऱ्याला डोकं दिसत नाही, नाव दिसते. दोघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला, तळावरून एकमेकांचे हात धरा. सगळे एका बाजूने चढायला गेले तर ती पुन्हा फिरते.

नदीत धरायचं असेल तर नावेच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला राहिलात आणि नाव झाडाला किंवा पुलाच्या खांबाला भिडली तर तुम्ही मधे चेंगरता. नाव बंधाऱ्याकडे किंवा झाडांकडे चालली असेल तर तिला सोडा आणि बाजूला निघा.

धारेत एकटे वाहत असाल तर पाठीवर, पाय धार जाते त्या दिशेला, पायांची बोटं पाण्याच्या वर, हातांनी तिरकं काठाकडे. गुडघ्यापेक्षा खोल धारेत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडात किंवा कुंपणाच्या तारेत अडकला की धार तुम्हाला तोंडावर पाडून दाबून धरते. बुडालेलं झाड किंवा उसाचा फड समोर आलाच तर पालथे व्हा, डोकं पुढे करून जोरात पोहा आणि अंग त्याच्या वर झोकून द्या. पाय पुढे ठेवले तर फांद्यांखाली ओढले जाता.

काठाला लागताना काळ्या मातीची उभी दरड टाळा, ती अंगावर ढासळते. वाळू उपसलेल्या जागी काठापासून एका पावलावर पुरुषभर खड्डा असतो, बांबूने चाचपल्याशिवाय नावेतून उतरू नका. गाळात रुतलात तर मागे पडून पसरा आणि एकेक पाय सावकाश हलवत सोडवा. कृष्णेत मगरी आहेत. काठावर मगर दिसली तर तिथे नाव लावू नका. पाण्यात असाल तर एकत्र राहा.

## १०. विजेच्या तारा आणि वीज

पूर आला की पाणी वर येतं आणि तारा तिथेच राहतात. नेहमी डोक्यावरून दोन मजले उंच जाणारी ११ केव्हीची तार बांबूच्या किंवा हाताच्या टप्प्यात येते. तारेखालून जायचंच असेल तर आधी १९१२ वर हेस्कॉमला (वीज कंपनीला) फोन करून लाइन बंद केल्याची खात्री घ्या, बांबू आडवा ठेवा, सगळे बसलेले. 'गावात लाइट नाही' म्हणजे तार मेली असं नाही, शेतीची लाइन वेगळी असते. नदीकाठच्या बुडालेल्या मोटारी, स्टार्टरच्या पेट्या आणि जॅकवेलपासून (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीपासून) निदान १० मीटर लांब राहा. पाण्यात झिणझिण्या जाणवल्या तर पुढे जाऊ नका, आलात त्याच वाटेने मागे फिरा.

वळवाच्या दिवसांत जलाशयावर अचानक गार वारा सुटला आणि आकाश काळवंडलं की जाळं सोडून काठ गाठा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परत जाऊ नका. मधेच सापडलात तर तळावर बसा, पाण्यात हात घालू नका, इंजिन आणि लोखंड सोडा. नावेचं तोंड लाटेला थोडं तिरकं ठेवा. इंजिन नसेल तर बादली दोराला बांधून पुढच्या टोकावरून पाण्यात सोडा. ती ओढ निर्माण करते आणि तोंड वाऱ्याकडे राहतं.

## ११. आग

पेट्रोल भरणं काठावरच, टाकी नावेबाहेर काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळात साठते. म्हणून भरल्यावर वास जाईपर्यंत थांबा. आग लागलीच तर इंजिन बंद, पेट्रोलचा कॉक बंद आणि नाव अशी फिरवा की वारा ज्वाळा माणसांपासून दूर नेईल. पावडर ज्वाळेच्या मुळाशी मारा. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, जळतं पेट्रोल त्यावर तरंगत सगळीकडे पसरतं.

## १२. काठावर आणल्यावर

माणूस हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर पोट दाबू नका, उलटा धरू नका, गोल फिरवू नका. पाणी काढण्याच्या नादात श्वास द्यायची मिनिटं जातात, आणि पोटातलं वर आलेलं फुप्फुसात जातं. हीच चूक सर्वांत जास्त होते आणि बघ्यांचा आग्रहही तिलाच असतो. क्रम असा:

१. कडक जागेवर उताणा झोपवा, कपाळ मागे, हनुवटी वर. एकाला १०८ लावायला सांगा.

२. नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या, छाती उचलली जाते का ते पाहत. बुडालेल्याला हवेची कमतरता झालेली असते, म्हणून इथे श्वास आधी.

३. छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने. मग २ श्वास. पुन्हा ३०.

४. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका, चालू ठेवा. उलटी झाली तर कूस करा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

श्वास सुरू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर ठेवा. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला, पावसाळ्यातल्या वाऱ्यात ओला माणूस जुलैतही गारठतो. दारू पाजू नका.

माणूस उठून बसला, चहा प्यायला, 'मी बरा आहे' म्हणाला, तरी त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं असेल तर दवाखान्यात न्या आणि निदान ६ ते ८ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. खोकला, धाप, छातीत जडपणा, जास्त झोप ही लक्षणं काही तासांनी येतात. घरी नेऊन झोपवलेल्या माणसाची धाप रात्री कुणाच्या लक्षात येत नाही.

नाव त्या दिवशी पुन्हा पाण्यात घालू नका. बुजवलेलं भोक, भिजलेलं इंजिन, ताणलेला दोर आणि जॅकेटचे पट्टे दुसऱ्या दिवशी उजेडात तपासा, आणि फेकायचा दोर वाळवून पुन्हा सुटा सुटा पिशवीत भरा.